फुटामागे एक सूत

चरईतल्या आमच्या खोलीत, विजेच्या मीटरखाली,
संत योसेफ उभा असायचा, प्लास्टरचा,
उजवा हात मनगटापासून तुटलेला.
लिलीची दांडी त्या हाताबरोबरच गेली असणार,
मला आठवतं तेव्हापासून ती नव्हती.

इनास घरात आला, त्या वर्षीच्या उपवासकाळात
त्यानं सागाचा हात कोरून बसवला.
रंग दिला नाही. फूल दिलं नाही.
आई म्हणाली, रिकामाच ठेवणार?
तो म्हणाला, सुताराचा हात आहे,
येईल काहीतरी त्यात.
मग महिनाअखेरीस विजेचं बिल त्यात खोचलेलं असे.

माझा बाप मार्टिन. बहारिनला गेला.
तिथून आधी एक रेडिओ आला, मग तार.
इनास माझा कोणी नव्हता.
वागळे इस्टेटीत पॅटर्न मेकर होता.
पंपाचं कवच ओतायचं असलं
की आधी तो ते लाकडात घडवायचा,
वाळूत दाबून बसवायचा,
आणि कड न ढासळू देता उचलून घ्यायचा.
मागे राहिलेल्या पोकळीत
दुसरी माणसं तापलं लोखंड ओतायची.
लाकूड पुन्हा फळीवर, नंबर टाकून.

त्याची पट्टी वेगळी होती.
तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा एक सूत मोठा.
"लोखंड निवताना आखडतं," तो म्हणाला,
"म्हणून आपण आधीच जास्त धरायचं. फुटामागे एक सूत."
समोर बसवून त्यानं मला शिकवलं
ते एवढंच.

पाचवीच्या फॉर्मवर, वडिलांच्या नावापाशी,
बाईंनी पेन थांबवलं आणि आमच्या दोघांकडे पाहिलं.
त्यानं कानामागची पेन्सिल काढली,
पुन्हा कानामागे ठेवली, बाईंचं पेन मागितलं
आणि लिहिलं: मार्टिन.
एकेक अक्षर, करवतीसाठी खूण करावी तसं.
खाली "पालक" होतं, तिथं सही केली,
शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलं
तर "सॉरी, बाई" म्हणाला.
मी रस्ता ओलांडताना त्याला हात दिला नाही.
तो माझ्या दप्तराचा पट्टा धरून चालला.

सातवीत एकदा मी ओरडलो, तू माझा बाप नाहीस.
"नाही," तो म्हणाला,
आणि माझ्या चपलेचा अंगठा शिवत राहिला.

एकोणीस मार्चला फादर दर वर्षी सांगायचे,
सगळ्या शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी
एक शब्द नाही.
देवदूत येतो तोही झोपेत. हा उठतो, निघतो,
आई आणि मूल घेऊन, रातोरात.
इनास शेवटच्या बाकावर, रात्रपाळी करून आलेला,
मान छातीवर. आई कोपर मारायची.
त्याला झोपेत काय सांगितलं जायचं, ठाऊक नाही.
पण पहाटे चारला नळ सुटायच्या आधी
त्याची कळशी खाली लागलेली असायची,
आणि ओठ हलत असायचे,
नळाच्या आवाजात काही कळायचं नाही.

फाउंड्री आता नाही. तिथं काचेची इमारत आहे,
माझी बायको तिथंच सहाव्या मजल्यावर काम करते.
इनास गेला तोही कोणाला न उठवता.
कपाटात त्याची पट्टी सापडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
आणि माझे पाचवीचे बूट, एक नंबर मोठे घेतलेले,
पुढे कोंबलेला कापूस अजून आत.

दाराच्या चौकटीवर मी लेकीची उंची मोजतो, त्याच पट्टीनं.
साडेतीन फुटाला साडेतीन सूत कमी भरते.
ती भांडते. शाळेतल्या पट्टीवर मी मोठी आहे, म्हणते,
तुझी पट्टी खोटी आहे.
मी म्हणतो, खोटी नाही, लोखंडासाठीची आहे.
ती टाचा चौकटीला चिकटवून उभी राहते.
"मग माझ्यासाठीची कुठाय?"

मी पेन्सिल कानामागे ठेवतो.
मीटरखाली सागाचा हात तसाच,
त्यात तिनं मघाशी रबरबँड अडकवलेत.