पोत्याला फासा लागत नाही

उदगीरच्या मोंढ्यामागं, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या खोलीत
रविवारी रात्री आम्ही एक दार उघडत होतो.
लोखंडी, तीन पुरुष उंच, बिजागऱ्यांत शंभर वर्षांचा गंज.
मी तसं सांगितलं, म्हणून ते तसं होतं.
खेळ मी चालवते. दाराचं वजन माझ्या वहीत असतं.

मुजीबचा पहिलवान पुढं झाला.
बळ अठरा. मांड्या बाभळीच्या बुंध्यासारख्या,
मागच्याच रविवारी त्यानं रेडा शिंगाला धरून बसवला होता.
वीस पैलूंचा फासा सतरंजीवरून घरंगळत
शेंगांच्या टरफलांत जाऊन थांबला.
तीन.
दार हललं नाही.

"मी बघू का?" मन्मथ म्हणाला.
मन्मथचा मांत्रिक, बळ पाच, पाठीत पोक,
स्वतःची झोळीसुद्धा गाढवावर टाकणारा.
वीस.
सगळे हसले. मीही हसले.
नियम म्हणजे नियम, दार उघडलं म्हणाले.
मुजीब हसला नाही. तो टरफलं गोळा करत बसला,
पंक्चरच्या सोल्यूशननं काळ्या पडलेल्या बोटांनी, एकेक.

खिडकीत गोरोबा होते.
खाली आडतीत हमाली करतात, मोबाइल चार्जिंगला लावायला वर येतात
आणि शंभर टक्के होईपर्यंत आमची युद्धं बघतात.
"हे कसं काय झालं म्हनावं?" त्यांनी विचारलं.
मी फासा दाखवला. त्यांनी तो तळहातावर
तुरीचा दाणा पारखावा तसा फिरवला.

"पोतं पाठीवर घेताना मी काय चिठ्ठी टाकतोय व्हय?
उचलतंय ते उचलतंय.
न उचलनारं लांबूनच कळतंय, त्याला हात बी लावत नाही मी.
नशिबाचं काय काम तिथं?"

"मग नशीब कुठं लागतं?"

ते जरा थांबले.
"फळीवर. फळी ओली असली की.
पोत्याची शिवन कुनी घातली त्याच्यावर.
कितवी खेप हाय. मुकादम बघलालाय का नाही."

मग, चार्जरची पिन नीट बसवत:
"न उचलनारं एकदाच उचललो.
लिंबाजी थप्पीखाली आला तवा. पाच पोती त्याच्या अंगावर.
कशी काढली ते म्हाईत नाही.
म्होरं दोन महिने सदरा बायको घालायची."

कुणी काही बोललं नाही. खाली कुत्रं भुंकलं,
ट्रकवर कुणीतरी ताडपत्री ओढली.
मी वहीत जुना नियम खोडला, पानाला भोक पडलं.
लिहिलं:
उचलतंय त्याला फासा नाही.
उचलत नाही त्यालाही नाही.
फासा ओल्या फळीला.
आणि जे उचलत नाही ते उचलायचंच असेल, तर
काय मोडणार, ते आधी बोला.

मन्मथचा वीस मी काढून घेतला नाही.
त्याच्या म्हाताऱ्यानं दाराला कान लावला म्हटलं,
आणि आतल्या बाजूला कुणीतरी मोजून श्वास घेतंय
हे फक्त त्याला ऐकू आलं.
मन्मथचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मुजीब, दार तुझ्या आवाक्याबाहेरचं आहे. वहीत तसंच आहे."
"मालूम है."
"काय देशील?"
त्यानं फाशाकडं बघितलंच नाही.
"सीधा खांदा. पुढचे तीन इतवार तलवार डाव्या हातात."

दार कसं उघडलं ते मी सांगत बसले,
बिजागरी कशी किंचाळली, गंज कसा मिरचीच्या भुकटीसारखा उडाला,
बराच वेळ सांगितलं, जरा जास्तच.
चहा निवला.

साडेदहाला गोरोबा उठले. चार्जिंग बासष्टच झालं होतं,
पण पहाटे देगलूरहून गाडी यायची होती.
आमच्या जिन्याचा कठडा उजवीकडं आहे.
ते आडवे होऊन उतरले,
डाव्या हातानं तो धरत.