यातली नवी कोणती

इरिया म्हणते, मावशी, आधी फोटो.
मी हात पुसून खिडकीशी बसते,
मागे दोरीवर शेजाऱ्यांच्या चादरी,
त्यांच्या फटीतून दोरू नदी.
हस ना जरा. एवढं नको.
अठ्ठावन्न वर्षांचा चेहरा
बटणाएवढ्या गोलात बसवता बसवता
दुपारचे दोन वाजले.

मग नावाखाली एक ओळ,
तू कोण, ते थोडक्यात.
देओलिंदा. भिंतीवरच्या टाईल दुरुस्त करते.
असं नाही चालत, म्हणते, शब्दांना वजन हवं.
ती लिहिते: वारसा-संवर्धन तज्ज्ञ.
मी वाचते, आणि वाटतं
या बाईंना एकदा भेटायला हवं.

एकतीस वर्षं आर्लिंदोच्या कारखान्यात
मी पोर्तोच्या भिंतींची भोकं बुजवली.
चर्चची, स्टेशनाची, एका दंतवैद्याच्या जिन्याची.
संताचं अर्धं बोट, जहाजाचं शीड,
एका कुत्र्याची शेपटी, जी कुणी पाहिलीच नव्हती,
मी त्याच्या तोंडावरून ओळखली.
आता तिथे पर्यटकांचं लॉज आहे.
भट्टीच्या जागी शॉवर.

कौशल्यं निवड, म्हणते, यादीतून.
नेतृत्व आहे, संवाद आहे,
दडपणाखाली काम करणं आहे.
निळा नाही.
मला अकरा निळे येतात.
धुवट निळा, भट्टीत घाबरलेला निळा,
नदीवर धुकं असताना लावू नये तो निळा.
इरिया लिहिते: रंगज्ञान.
बरं, म्हणते मी. समुद्राला पाणी म्हणावं तसं.

खरी अडचण पुढेच होती.
काम दाखव, म्हणते, आधीचं आणि नंतरचं.
अगं, माझं काम दिसलं
तर ते फसलं.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, ठीक आहे,
पण मला हात लपवण्याचीच मजुरी मिळायची.
आर्लिंदो भिंतीपासून चार पावलं मागे जायचा,
डोळे बारीक करायचा,
आणि काही बोलला नाही तर समजायचं, जमलं.
आता त्याच्या गप्प बसण्याचं
शिफारसपत्र कुठून आणू?

रात्री पलंगाखालची वही काढली.
तिच्यात फक्त भेगा आहेत.
जोडण्याआधी प्रत्येक भेग पेन्सिलीने उतरवलेली,
तारखेसकट, जणू कुणाची सही.
इरियाची बडबड थांबली.
एकेक पान टिपत राहिली पहाटेपर्यंत,
सावली पडते म्हणून
मला दोनदा दाराबाहेर उभं करून.
शेवटी मठातली एक भिंत, पाद्र्याने कधीतरी काढलेला फोटो.
खाली काय लिहू?
काही नको.

तीन आठवडे एक विमावाला,
लिस्बनचा एक विसरलेला चुलतभाऊ,
आणि कशाबद्दल ते न सांगता
अभिनंदन करणारी माणसं.
मी रोज बघत होते, खोटं कशाला बोलू,
बटाटे सोलता सोलता, ओल्या अंगठ्याने.

मग एव्होराहून एका बाईंचा निरोप.
त्या मठाच्या भिंतीकडे, लिहितात,
अर्धा तास बघत बसले आहे.
यातली नवी कोणती?
सांगू नका. सोमवारी या.

गाडी दुपारची. सकाळी मठात गेले.
म्हटलं, विचारलंच तर बोट ठेवता यावं.
चार पावलं मागे झाले, डोळे बारीक केले.
वरून सहावी ओळ? की सातवी?
पुन्हा खालून मोजलं.
फरशी पुसणारी म्हणाली,
बाई, काही हरवलंय का?
हो, म्हटलं.
ती बादली ठेवून
माझ्याबरोबर शोधू लागली.