औट घटकेला एक घटका कमी

हाप्सालूत रात्री दोन वाजून सात मिनिटांनी
मारिकाचा फोन टेबलावर थरथरतो.
विनंती: हेल्दुर तामिक.
यंत्रं तीन. हुद्दा प्रशासक. मुदत साठ मिनिटं.
कारणाच्या रकान्यात:
सकाळच्या बोटीची तिकिटं निघत नाहीत.

ती यंत्रं कुणी पाहिलेली नाहीत.
खाडीपलीकडे, फिनलंडातल्या कुठल्याशा गार खोलीत
दुसऱ्याच्या लोखंडाच्या पोटात भाड्यानं राहतात.
नावं मात्र हेल्दुरनं ठेवलेली,
अंगेर्यास, आहवेन, हाउग,
तिन्ही माशांची.

अकरा वर्षं चावी त्याच्याकडे होती, कायमची.
मग गेल्या ऑक्टोबरात, नोकरी सोडून गेलेल्या एकाच्या
न मिटवलेल्या खात्यातून कुणीतरी आत आलं,
तीन रात्री राहिलं
आणि काही न नेता निघून गेलं.
नुसतं बसून गेलं.
तेच सगळ्यांना जास्त लागलं.

तेव्हापासून चावी कुणाचीच नाही.
मागायची, कारण सांगायचं,
दुसऱ्या कुणीतरी हो म्हणायचं,
वेळ संपली की ती हातातच विरघळते.
त्या बैठकीत हेल्दुर बोलला नाही.
उठून कप विसळत राहिला,
आधीच विसळलेला.

त्याचे वडील रोहुक्युलाच्या धक्क्यावर
बर्फाच्या रस्त्याचं फाटक सांभाळायचे.
समुद्र पुरेसा गोठला की बेटापर्यंत गाडीनं जायचं.
सीटबेल्ट लावायचा नाही, उडी मारावी लागली तर.
मध्ये थांबायचं नाही.
अंधार पडला की रस्ता मिटला.
आणि वही: या टोकाला गेलेल्या गाड्या,
त्या टोकाला पोचलेल्या.
एका संध्याकाळी हिशेबात एक गाडी कमी आली.
वडील कंदील घेऊन चालत निघाले.
चार किलोमीटरवर गाडी उभी,
आत नवरा-बायको भांडत होते,
कुणाच्या आईकडे आधी जायचं यावरून.

हो म्हणण्याआधी मारिका त्याला फोन लावते.
पडद्यावर नाव कुणाचंही उमटतं,
आवाज ऐकायचा असा नियम.
"वहीचा रंग?"
"निळा. कोपरा उंदरानं खाल्लेला."
"तिकिटं एकट्या आहवेनवर आहेत. तीन का मागतोस?"
पलीकडे किटली वाजते.
"सवय," तो म्हणतो.
ती एकच देते.

औट घटकेचा राजा म्हणतो आपण,
हिशेब कुणी करत नाही.
साडेतीन घटका, म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं.
हेल्दुरला मिळाली अडीच घटका,
एका माशावर,
तीही असा कारकून शेजारी बसवून
जो त्याची प्रत्येक ओळ टिपतो
आणि ज्याची वही त्याला स्वतःलाही खोडता येत नाही.

एकोणिसाव्या मिनिटाला दोष सापडतो.
जुन्या नोंदींनी डिस्क गच्च भरलेली.
जागा होते, तिकिटं सुटतात.
एक्केचाळीस मिनिटं उरतात.

मारिका सकाळी नोंदी वाचते,
थंड झालेल्या लापशीसोबत.
दोन चौतीस: सेवा सुरू.
दोन एक्केचाळीस: एक फाइल उघडली.
अकरा वर्षांपूर्वीची, त्याच्याच हातची.
वरती त्यानं लिहून ठेवलेलं:
हे तात्पुरतं आहे, नंतर नीट करू.
काही बदललं नाही. फाइल मिटली.
दोन चव्वेचाळीस: चावी परत,
मुदतीआधी एकतीस मिनिटं.

एवढ्या लवकर परत द्यायला
कुणी सांगितलेलं नव्हतं.

साडेपाचची बोट सुटून गेलेली असते.
समुद्र या वर्षीही गोठलेला नाही.
ती नोंदवही पुन्हा वर सरकवते,
त्या दोन एक्केचाळीसपाशी,
आणि जरा थांबते.
मध्ये थांबायचं नसतं
हे माहीत असून.