एकच तास

शेवटची ट्राम गेली की मी लेथ सुरू करते.
तांपेरेतली जुनी सूतगिरणी, खिडकीखाली धबधबा.
पाण्याची थरथर मला पाठ आहे, तिचं काही नाही.
ट्रामची मात्र चरात उतरते.

हेल्लेवी कोट न काढताच बसली.
पिशवीत वडिलांच्या टेपा.
गेल्या हिवाळ्यात गेले. कान्तेले वाजवायचे,
आणि गाण्याआधी खोकायचे.
"खोकला राहू द्या," ती म्हणाली.

चोवीस मिनिटं, वर एक खोकला.
एका बाजूवर एवढं मावत नाही, मोठ्या आवाजात तर नाहीच:
आवाज चढला की चर फुगतो, शेजारच्या चराला खेटतो.
मी दोन डेसिबल उतरवले.
खर्ज दोन्हीकडून उचलून मधोमध बसवला,
नाहीतर सुई उडते, वाट सोडते.
त्यांच्या 'स'ला जरा हात लावला,
आतल्या वळणांवर तो करवतीसारखा लागतो;
तिथे जागा थोडी, आणि गाणं तेवढंच.
म्हातारपणासारखं, असं माझे गुरू म्हणायचे.
मला ते कधी पटलं नाही.

मग नवी तबकडी. काळी, ओली वाटावी इतकी गुळगुळीत,
नेलपॉलिशचा वास.
तिच्यात आपला चेहरा दिसला तरी वाकून बघू नये,
श्वास पडतो.
माणकाची सुई, तिच्याभोवती तापलेली तार.
टेकवली.

नांगराला शेतभर तास घालावे लागतात.
इथे एकच. काठापासून आतपर्यंत,
न तुटता,
चोवीस मिनिटांचा एकच तास.
आणि कोरून जे निघतं, केसाएवढं काळं सूत,
ते नळी ओढून घेते बाटलीत.
फार लवकर पेटतं ते. म्हणून या खोलीत मेणबत्ती नाही,
नाताळातही नाही.

खोकला आला तेव्हा हेल्लेवीने खुर्चीचा हात घट्ट धरला.
सूत क्षणभर जाड झालं.

नंतर मायक्रोस्कोपखाली दाखवलं:
हा खोकला, ही वाकडी जागा. ही तार.
इथे ते थांबले होते, बघ, चर सरळ.
ती त्या सरळ जागेवरच डोळा लावून बसली
बराच वेळ.

"एकदा लावून ऐकूया?"
नाही.
लॅकर मऊ असतं. ऐकलं की झिजतं,
पहिल्याच वेळी.
सकाळी सहाला गाडी येईल.
कारखान्यात हिच्यावर चांदी फवारतील, निकेल चढवतील,
मग निकेल सोलून काढतील.
तो पत्रा उलटा निघतो, चराच्या जागी कणा.
त्याला आमच्या धंद्यात बाप म्हणतात.
सोलताना ही तबकडी बहुतेक वेळा वाचत नाही.
एरवी गिऱ्हाइकांना मी हे हौसेने सांगते.
तिला नाही सांगितलं.

मधल्या रिकाम्या कड्यात नंबर कोरायचा असतो, हाताने.
माझा कोरून झाल्यावर टोच्या तिच्याकडे दिला.
एक शब्द लिही, म्हटलं, हवा तो.
तिने आता कुठे कोट काढला.
दोन अक्षरं झाली आणि हात घसरला,
बारीक ओरखडा आडवा गेला.
घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

असू दे. तिथे सुई जात नाही.
शब्द अर्धाच आहे, पुरा कर.
गाडीला अजून वेळ आहे.