तिसावा मणी

बाबांचे पाय आधी गेले.
म्हणजे होते जागेवर, बुटात होते,
पण गार-गरम कळेनासं झालं.
सांव पेद्रूच्या रात्री पोव्होआच्या गल्लीत
सार्डिन भाजत होते सगळे,
बाबांचा पाय सांडलेल्या निखाऱ्यावर,
आणि बाबा तसेच उभे, झुल्मिरा आत्याशी बोलत, हसत.
वास आधी आईला आला.

आमच्या कोळीवाड्यात याला म्हणतात
चिमुकल्या पायांचा आजार.
लहान मुलाबद्दल बोलावं तसं, हलक्या आवाजात.
आजोबांचे असेच गेले. आता आत्याही घसरते पायऱ्यांवर.

पोर्तूच्या इस्पितळात डॉक्टर लिओकादियाने
कागदावर माळ काढली:
एकशे सत्तावीस मणी.
ओवून झाली की माळ स्वतःच दुमडते,
कुठे वळायचं ते मण्यांनाच ठाऊक.
अशा चार माळा हातात हात घालून
रक्तातून हमाली करत फिरतात:
गळ्यातल्या ग्रंथीचा निरोप पाठीवर,
आणि एका सोबत्याच्या खांद्यावर
डोळ्यांसाठी निघालेलं जीवनसत्त्व,
ज्याच्या जोरावर बाबांना अंधारात
बंदराच्या तोंडचा खडक दिसायचा.

"तुमच्या घरात तिसावा मणी वेगळा आहे, सेन्योर झेफिरीनु."

"एकच?" बाबा म्हणाले.
"एका सैल गाठीने कधी जाळं वाया गेलंय?"

डॉक्टर गप्प. उत्तर आईने दिलं,
बत्तीस वर्षं जाळी सांधणाऱ्या बाईने:
"गाठ कुठली, त्यावर आहे."

चौघांचे हात सुटतात.
सुटलेल्या एकट्याची घडी विस्कटते,
मग तो दुसऱ्या विस्कटलेल्याला बिलगतो,
तो तिसऱ्याला,
आणि मज्जातंतूंच्या कडेने साचत जातो
एक न विरघळणारा गुंता.
कुणाचं वाईट करायचं त्यांच्या मनात नसतं.
मन नसतंच.
मला हे सगळ्यात जास्त लागलं होतं तेव्हा,
नऊ वर्षांची होते,
रागवायला कुणीतरी हवं होतं.

या माळा ओवतं यकृत.
म्हणून बाबांना दुसरं यकृत मिळालं,
मोटरसायकलवरून पडलेल्या एका पोराचं.
आईने त्याच्यासाठी मेणबत्ती लावली, अजून लावते.

आणि बाबांचं? तेही फेकलं नाही.
एक मणी सोडला तर काम चोख होतं त्याचं:
साखर साठवणं, विष उतरवणं,
जखमेवर रक्त गोठवणारी प्रथिनं घडवणं.
ते दिलं एका म्हाताऱ्याला, ज्याच्याकडे वेळ थोडा होता.
त्याच्या पायांपर्यंत गुंता पोचायला
कदाचित वीस वर्षं लागतील, म्हणाले,
आणि त्याने सही केली.

नाव सांगत नाहीत. पण आईने ठरवून टाकलंय
की तो ब्रागाचा पाववाला असणार,
कारण बाबांच्या यकृताला
पहाटे चारला उठायची सवय होती.

बाबा अजून आहेत. पाय परतले नाहीत,
पुढचं जाणं मात्र थांबलं.
ओट्यावर बसून बोटींना नावं ठेवतात.

माझी तपासणी झाली. तिसावा मणी माझाही वेगळा.
रोज सकाळी एक गोळी:
चौघांच्या मधल्या पोकळीत ती जाऊन बसते,
सुटू पाहणारे हात धरून ठेवते.
एवढंच तिचं काम. जादू काही नाही,
होडीच्या फळ्यांत ठोकलेली पाचर.

संध्याकाळी आई मला पाण्याशी नेते.
अटलांटिक जूनमध्येसुद्धा हाडं गोठवतो.
लाट पावलांवरून जाते,
ती खाली न बघता विचारते,
"गार आहे?"
"आहे."
मग आम्ही घरी येतो, बटाटे सोलतो.

काल मी उत्तराला जरा उशीर केला,
गंमत म्हणून.
पुन्हा नाही करणार.