कुलर चालू असताना

मी तिले फक्त उन्हाळ्यात पाह्यलं.
मार्चात ताट्या बदलायचे फोन सुरू होतात,
जूनमध्ये आभाळ गडगडलं की मले कोणी ओळखत नाही.
मधल्या तीन महिन्यांत
खामल्यापासून नंदनवनपर्यंत
लोकांच्या खिडक्यांत माझा अर्धा देह,
अन् पाठीमागं, साडेसातले, टीव्हीवर हेमांगी.

पहिल्या वर्षी ती दारामागं होती.
म्हणजे तिच्यापेक्षा दारच जास्त दिसे.
पदराचं टोक बोटाले गुंडाळून
कोणाची तरी माफी मागून राहिली होती.
कशाची, माहीत नाही.
मी पंखा चालवून पाहत होतो,
अन् पंखा सुरू झाला की खोलीत आवाज त्याचाच.
ऐकू आलं ते गुळवाडे काकू ओरडून बोलल्या तेवढं:
"रडूबाई आहे बाप्पा!"

दुसऱ्या उन्हाळ्यात ती खुर्चीवर बसलेली,
पण अगदी काठावर,
जसा मी बसतो गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर, कोणी चहा दिला तर.
ते बसणं मले कळलं.
पंप हातातच राहिला, पाणी फरशीवर गेलं,
प्रतापनगरच्या साहेबांनी पन्नास रुपये कापले.
मी काही बोललो नाही.

पावसाळा, दिवाळी, थंडी,
जे काय केलं ते तिनं माझ्यामागं केलं.
तिसऱ्या वर्षी पाहतो तं हातात किल्ल्या.
कशाच्या, देव जाणे.
वाजवत नव्हती,
मुठीत दाबून होती, चोरल्यासारख्या.
मानेवाड्याचे एक आजोबा म्हणाले, "आता बिघडली."
त्यांची सून माझ्यासोबत टाकी धूत होती,
ती काही म्हणाली नाही,
फक्त नळ जोरात सोडला.

चौथ्या वर्षी पुन्हा तेच दार.
तोच पदर, तेच बोट.
मले राग आला, खरं सांगतो.
नवतपा, सत्तेचाळीस डिग्री,
महालातल्या त्या घरी स्क्रू इतका कसला की आटे गेले.
रात्री गच्चीवर पडून वाटलं, कोणाले तरी फोन करावा.
कोणाले करता?

शेवटचा भाग हनुमाननगरात भेटला, ढोमणे मॅडमकडे.
नव्या ताट्या, वाळ्याचा ओला वास,
अन् टीव्हीवर सारं घर जेवायले बसलेलं.
वाढायले कोणी नव्हतं.
हेमांगी आली, खुर्ची ओढली,
पाठ टेकली.
पूर्ण पाठ.
अन् तिचे ओठ हलले.

मी कुलर बंद केला.
"काय झालं? बिघडला काय?"
"नाही मॅडम. दोन मिनिटं."
पंखा लगेच थांबत नाही,
फिरत राहतो उगाच, जुन्या सवयीनं.
त्याच्या पात्यांमधून तिचा आवाज आला,
मले वाटला होता त्याहून जाड, जरा घोगरा:
"मला भूक लागली आहे. मी जेवून घेते."
बस.
मंग जाहिरात.

"किती झाले?" मॅडमनं विचारलं.
दरसाल म्हणतो, द्या तुम्हाले वाटते ते.
"साडेचारशे," म्हणालो,
अन् पान्हा पुसत राहिलो, पुसलेलाच.

घरी पोचलो तं साडेनऊ.
आमच्या कुलरच्या ताट्या तीन वर्षांच्या, काळ्या पडलेल्या,
हवा देतो कमी, खोकतो जास्त.
सिंधूले सगळं सांगितलं,
दार, खुर्ची, किल्ल्या, पाच उन्हाळे.
तिनं वांग्याची भाजी वाढली.
"इतकंच म्हणाले तिले पाच वर्षं लागले?
मी तं रोज आठ वाजताच जेवतो.
तुमची वाट पाहत बसली असती
तं केव्हाची वाळली असती."

चौदा वर्षं झाली लग्नाले.
मले हे माहीत नव्हतं.
तिनं ताट माझ्याकडे सरकवलं,
भिंतीले पाठ टेकून आरामात बसली
अन् म्हणाली,
"उद्या आधी आपल्या ताट्या. मंग गाव."