बधुं नॉर्मल

डॉक्टर पारीख दर पंधरवड्याला फाइलवर
एकच शब्द लिहितात आणि खाली रेघ मारतात.
"बधुं नॉर्मल छे, बेन."
वजन, लघवी, बीपी, बाळाचे ठोके.
मी मान हलवते, आणि टेबलावरून उतरताना
आधी कुशीवर, मग कोपरावर,
मग नर्सच्या खांद्यावर
अशी हप्त्याहप्त्यानं उभी राहते.

रावपुऱ्याचं पोस्ट, काउंटर नंबर चार.
पासबुकं, व्याज, वारसाची नोंद.
शिक्का आपटला की आतून ठोसा येतो.
मी थांबते. तो थांबतो, किंवा ती.
पुन्हा शिक्का, पुन्हा ठोसा.
काल दिवसभरात आम्ही दोघांनी मिळून
एकशे बारा विड्रॉल पास केले,
सही मात्र माझी एकटीचीच.

खुर्ची काउंटरपासून लांब सरकत गेली,
हात होते तेवढेच राहिले.
आता लोकच खिडकीतून आत वाकतात.
मकवाणाकाका चहा ठेवतात,
पोटाकडे बघून दिकरो म्हणतात.
दुपारच्या चहाला दिकरी.

रेवाबेन पाच तारखेला येतात,
अंगठा उठवतात, शाई पुसायला फडकं मागतात.
या वेळी अंगठा पुसला, व्याज मोजलं,
आणि खिडकीतून तीन बोरं आत सारली.
"खाटां छे. घेर कहेती नहीं."
मी ती रजेच्या अर्जाखाली लपवली.
अर्जावर अजून तो डाग आहे.

डोहाळजेवणात नणंदेनं दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या,
एकीत पेढा, एकीत बर्फी.
मी एक उघडली. सगळ्या ओरडल्या.
मग दुसरीही उघडली, कारण भूक होती.
रात्रभर घशाशी आलेलं आंबट पाणी गिळत
उशांचा ढीग पाठीशी रचून
मी बसल्याबसल्या झोपले.

अंगठी निघाली ती साबणानं नाही, तेलानं नाही,
युट्यूब बघून गुंडाळलेल्या दोऱ्यानं.
आता ती मंगळसूत्रात लोंबते,
वाट्यांशी अजून ओळख नाही झालेली.
पायात सासऱ्यांच्या चपला.
ते अनवाणी अंगणात फिरतात आणि म्हणतात,
मला डॉक्टरनंच सांगितलंय.

सासूबाई फारसं बोलत नाहीत.
एका सकाळी न्हाणीत निळं प्लास्टिकचं स्टूल होतं,
किमतीचं लेबल तसंच.
मी बसून आंघोळ केली.
साबण निसटून मोरीपाशी गेला,
त्याला जाऊ दिलं.

दाराशी पिशवी भरलेली आहे.
दोन गाऊन, जुन्या धोतराची दुपटी, ममता कार्ड,
मोबाईलचा जास्तीचा चार्जर.
तुझा बाबा रोज चेन उघडून बघतो
आणि काहीच न ठेवता बंद करतो.

डाव्या कुशीवर झोपा, म्हणतात.
डावीकडे भिंत आहे.
भिंतीवरचा ओलीचा डाग मला तोंडपाठ झालाय,
त्याच्या वरच्या टोकाला एक नाक आहे.
एक वाजता उठते, दोनला, मग तीनला.
दर वेळी स्टूल अंधारात वाट बघत असतं.

तीनलाच उचकी लागते.
मला नाही.
बेंबीखाली, जरा उजवीकडे,
टुक्, टुक्,
घड्याळाशी न जुळणारी.
आमच्याकडे म्हणतात, कुणीतरी आठवण काढतंय,
नावं घेत जायची,
ज्याच्या नावाला थांबेल तो.

तुझा बाबा, घेतलं. तो घोरतोय.
आजी, आजोबा. वाट्यावाली आत्या.
मकवाणाकाका. रेवाबेन.
डॉक्टर पारीखसुद्धा.
टुक्, टुक्.
तुला अजून कुणी पाहिलंच नाही,
आठवायला आधी भेटायला नको का?

एक नाव राहिलंय.
ते मी घेत नाही.
घेतलं, आणि थांबली तर?